जुन्या घरातल्या जुन्या तारा



आजचं लेखन पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या पाठावर नाही, पण पाठाशी त्याचं नातं आहे. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना साधा परिपथ शिकवतो. सेल, बल्ब, कळ आणि दोन तारा. परिपथ पूर्ण झाला तर दिवा लागतो, तुटला तर विझतो. मुलं पटकन शिकतात, आपणही पुढच्या घटकाकडे वळतो. याच परिपथाने या उन्हाळ्यात आमच्या घरात पंधरा दिवस झोप लागू दिली नाही, म्हणून लिहिते आहे.

धरणगावच्या जुन्या भागात आम्ही घर घेतलं. धाब्याचं, मातीच्या हातभर रुंद भिंतींचं. पूर्वी हे एकच मोठं घर होतं. दोन भावांची वाटणी झाली, मधे भिंत आली, ओसरीचे दोन भाग झाले. थोरल्या भावाच्या मुलांनी त्यांचा भाग आम्हाला विकला. धाकट्या भावाच्या भागात त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या शेजारच्या आजी, एकट्या राहतात. मुलगा सुरतला कामाला आहे. आपल्या खानदेशातल्या कितीतरी घरांचं हेच आहे, घर इकडे आणि कमावणारा हात सुरतेला.

घर घेताना सगळे भिंत बघतात, धाबं गळतं का ते बघतात, सातबारा नाहीतर सिटी सर्व्हेचा उतारा बघतात. तारा कोणी बघत नाही. मी बघितल्या त्या केवळ शिक्षकी सवयीने, कारण त्या भिंतीवर उजेडाचा अख्खा इतिहास लिहिलेला होता. सगळ्यात खाली देवळी, तिच्या वरच्या कडेला अजून काजळी. बालकवींचा जन्म याच गावात १८९० साली झाला, तेव्हा घराघरात असल्याच देवळ्यांतून दिवे ठेवत असणार. देवळीच्या वर लाकडी पट्टी, तिच्यावर पत्र्याच्या क्लिपांनी दाबलेली काळी जुनी तार. हात लावला की वरचं आवरण बिस्किटासारखं तुटायचं. त्याच्या बाजूला पांढऱ्या प्लास्टिकच्या केसिंग पट्टीतली दुसऱ्या पिढीची तार, आतून ॲल्युमिनियमची. आणि समोरच्या खोलीत तिसरीच एक जोडी, प्रत्येक बोर्डावर एका बटणाला नेलपॉलिशचा लाल ठिपका. ती इन्व्हर्टरची लाईन. २००५ नंतरच्या वर्षांत लोडशेडिंग किती होतं ते ज्यांनी भोगलं त्यांना सांगायला नको. आमच्या बॅचने डी.एड.ची पाठ टाचणं मेणबत्तीत लिहिली आहेत. पुढे लोडशेडिंग गेलं, इन्व्हर्टर कोणीतरी विकून टाकला, पण त्याच्या तारा भिंतीत तशाच राहिल्या.

असंच होतं बघा. नवीन तार टाकणारा माणूस जुनी काढत नाही. काढायला गेलं तर माती पडते, मजुरी वाढते आणि घरमालक म्हणतो, "राहू दे, ती कुठे काय खाते!" म्हणून प्रत्येक पिढी जुन्या तारांवर नव्या तारा चढवत जाते.

आम्ही राहायला जाण्याआधी पुढच्या तीन खोल्यांचं फिटिंग नवीन करून घेतलं. तांब्याची तार, एमसीबी, वेगळं अर्थिंग आणि बोर्डात आरसीसीबी. मागच्या खोलीत आणि माळ्यावर जुनं फिटिंग होतं, तिथल्या भिंती पोकळ झाल्या होत्या. कारागीर म्हणाला, त्याचा फेज मेन बोर्डापासून तोडून टाकला आहे, आता त्यात काही नाही. आखाजीच्या मुहूर्तावर आम्ही राहायला आलो. नणंद माहेरी आलेली, झोका बांधलेला, घरात पाहुणे. आणि पहिल्याच रात्री साडेनऊला फट्ट! सगळं घर बंद. पंखा बंद, कूलर बंद. आखाजीच्या दिवसांतली आपल्याकडची रात्र कशी असते ते तुम्हाला माहीत आहे.

बघितलं तर आरसीसीबी पडलेला. वर उचलला, पुन्हा पडला. दहा मिनिटांनी उचलला, तर राहिला. पहाटे साडेचारला पुन्हा तेच.

इथे आरसीसीबीबद्दल थोडं सांगते, कारण मुलांना सांगण्यासारखं आहे. एमसीबी जास्त करंट झाला की पडतो. आरसीसीबी वेगळं बघतो. लाल तारेने जेवढा करंट घरात गेला तेवढाच काळ्या तारेने परत आला का, एवढाच हिशोब तो ठेवतो. घरासाठी बसवतात तो साधारणपणे ३० मिलिअँपिअरचा असतो. जाणं आणि येणं यात तेवढा फरक पडला की तो दोन्ही तारा एकदम तोडतो. फरक पडला याचा अर्थ करंट दुसऱ्या कुठल्या वाटेने चालला आहे, आणि ती वाट माणसाच्या अंगातूनही असू शकते. ३० मिलिअँपिअर म्हणजे किती? ९ वॅटचा एलईडी बल्ब २३० व्होल्टवर साधारण ४० मिलिअँपिअर घेतो. म्हणजे छोट्याशा बल्बाला पुरतो तेवढा करंट छातीतून गेला तर माणूस जाऊ शकतो. मुलांना वाटतं, मोठ्या मोटारीचाच करंट मारतो. तसं नाही.

तर हे पडणं रोजचं झालं. मग सल्ले सुरू. तीन जणांनी मला एकच सल्ला दिला, "मॅडम, तो आरसीसीबी काढून टाका, उगाच त्रास देतो." हा सल्ला आपल्याकडे फार सहज देतात आणि तो फार वाईट सल्ला आहे. कुत्रा भुंकतो म्हणून कुत्र्याला हाकलायचं, पण भिंतीवर कोण चढलं ते बघायचं नाही. मुलीचे पप्पाही वैतागले होते, पण माझी मुलगी त्या बोर्डाखाली बसून अभ्यास करते, मी काढू दिला नाही.

नवीन फिटिंग करणाऱ्याने येऊन सगळं तपासलं. फ्रीज बंद करून बघितला, कूलरचा टॉप काढून बघितला, एकेक एमसीबी पाडून बघितला. काही सापडलं नाही. मग आम्ही दुसऱ्या एका वयस्कर वायरमन काकांना बोलावलं. परवाना असलेले, आता काम कमी करतात. त्यांनी पेचकस बाहेर काढायच्या आधी प्रश्न विचारला, "पडतो किती वाजता?" मला ते फार आवडलं. काय बिघडलं असं आधी विचारलंच नाही, केव्हा बिघडतं ते विचारलं. माझ्याकडे वही तयारच होती. आठ दिवसांच्या वेळा हजेरीसारख्या मांडल्या होत्या. पहाटे साडेचार ते पाच, रोज. रात्री नऊ ते साडेनऊ, रोज. मध्यरात्री कधी एकदा, कधी दोनदा. दुपारी कधीच नाही.

काका वही बघत होते आणि भिंतीपलीकडून आजींचा आवाज आला. त्या आमच्याशी अहिराणीतच बोलतात. "बाई, तुम्ही उनात तैपासून मना न्हानीना लाईट टिकत नही." बटण दाबलं की क्षणभर लागतो आणि जातो, असं त्यांचं म्हणणं. आठ दिवस त्याही आमच्यावर मनातून रुसलेल्या होत्या, आणि आम्हाला वाटत होतं, आजी बोलत का नाहीत.

काकांनी वही मिटली आणि म्हणाले, "सापडलं."

त्यांनी आमचा आरसीसीबी पाडला. घरात काहीही चालू नाही. मग माळ्यावरच्या जुन्या फिटिंगमधल्या काळ्या तारेला टेस्टर लावला, टेस्टर विझलेलाच. तिथूनच ओरडून आजींना सांगितलं, "आजी, न्हाणीचं बटण दाबा." टेस्टर लागला. खाली उतरून आमच्या नव्या बोर्डात, फ्रीजच्या सॉकेटच्या न्यूट्रलला लावला. तिथेही लागला. आमची लाईट बंद, मेन पडलेला, आणि काळ्या तारेत करंट.

मुलीच्या पप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. लाईट बंद आहेच तर पंखा पुसून घेतो, असं ते त्याच सकाळी म्हणत होते.

झालं होतं ते असं. वाटणीच्या आधी सगळ्या घराला एकच मीटर होतं. वाटणी झाल्यावर आजींच्या भागाला दुसरं मीटर आलं. त्या वेळी ज्याने काम केलं त्याने न्हाणीच्या बल्बाचा फेज आजींच्या मीटरवर घेतला, पण न्यूट्रल होता तसाच ठेवला. तो माळ्यावरून, आताच्या आमच्या भागातून, आमच्या मेन बोर्डाकडे येत होता. म्हणजे करंट निघायचा आजींच्या मीटरमधून, बल्ब लागायचा आजींच्या न्हाणीत आणि परत जायचा आमच्या काळ्या तारेने. परिपथ पूर्ण, दिवा चालू. न्यूट्रल शेवटी पोलवर एकच असतो, म्हणून इतकी वर्षं कोणाला काही कळलं नाही. आमच्याकडे आरसीसीबी आला आणि त्याचा हिशोब बिघडला. आजींचा जुना ४० वॅटचा पिवळा बल्ब साधारण १७४ मिलिअँपिअर घेतो. तेवढा करंट आमच्या काळ्या तारेने परत येतो आहे आणि लाल तारेने गेलेलाच नाही. आरसीसीबी पडणारच. तो पडला की काळी तारही तुटते, म्हणून आजींचाही बल्ब विझतो. त्या बिचाऱ्या बटण बंद करायच्या, आमचा आरसीसीबी उभा राहायचा. त्या परत दाबायच्या, परत फट्ट.

यातली खरी भीती त्यानंतरची. काळी तार पोलपासून तुटली, पण आजींचं बटण चालू. मग करंट बल्बापर्यंत येतो, बल्बातून आमच्या काळ्या तारांत येतो आणि वाट बघत थांबतो. एवढंच नाही, चालू ठेवलेल्या पंख्याच्या वाइंडिंगमधून तो लाल तारेपर्यंतही पोचतो. त्या वेळी जमिनीवर उभं राहून कोणी उघड्या तारेला हात लावला तर परिपथ पूर्ण होतो तो त्या माणसातून. मधे बल्ब आहे म्हणून काही वाचवत नाही, कारण थंड बल्बाचा विरोध फार कमी असतो. आमचा आरसीसीबीही वाचवत नाही, तो तर आधीच पडलेला आणि करंट येतो आहे दुसऱ्याच मीटरवरून. "मेन बंद केला, आता बिनधास्त हात लावा" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. वाटणीच्या घरात ते वाक्य खरं नाही.

आता उपाय. मुलीच्या पप्पांचं म्हणणं, ती काळी तार आपल्या बोर्डातून कापायची, टेप गुंडाळायची, विषय संपला. काका म्हणाले, संपणार नाही. आपल्याकडून कापली तर आजींचा दिवा जाईल आणि कापलेलं टोक आपल्या माळ्यावर जिवंत राहील, आजी बटण दाबतील तेव्हा तेव्हा. तार मारायची असेल तर जिथून येते तिथून मारायची. म्हणजे आजींच्या बोर्डातून.

आणि आजी तयार होईनात. त्यांच्या बाजूने विचार केला तर बरोबरच होतं. वाटणी झाली तेव्हा भिंत, आड, अंगण, सगळ्यावरून बोलाचाली झालेल्या. आता नवीन माणसं आली आणि पंधरा दिवसांत म्हणतात, तुमची तार काढू द्या. "मना लाईट कापशी का बाई?" म्हणाल्या. मी नाही म्हटलं तरी पटेना. "रातले उठनं पडस माले. अंधारामा पडसू ना मी." त्या वयात अंधारात न्हाणीत पडणं म्हणजे काय ते मला माझ्या सासूबाईंच्या खुब्याच्या हाडावरून माहीत होतं. वायर किती, पैसे किती, हा हिशोब त्यांनी नंतर विचारला. आधी विचारला तो उजेड. आम्हाला जो धोका वाटत होता तो तारेतला. त्यांच्या दृष्टीने धोका होता तो दिवा विझण्यातला. दोन्ही खरे होते.

मी सुरतेला मुलाला फोन लावून दिला. काकांनी त्याला हिंदी-अहिराणी मिसळून सगळं समजावलं. अट एकच ठरली, आजींचा दिवा एक रात्रही बंद राहणार नाही. म्हणून उलट क्रमाने काम केलं. रविवारी सकाळी आधी आजींच्या स्वतःच्या भिंतीवरून, त्यांच्या बोर्डापासून न्हाणीपर्यंत, फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तीन नवीन तारा पट्टीतून टाकल्या. नवीन होल्डर, ९ वॅटचा एलईडी. तो लावून दाखवला, आजींनी स्वतः चार वेळा बटण दाबलं. मग जुना फेज त्यांच्या बोर्डातून सोडवला, मग आमच्याकडचा जुना न्यूट्रल आमच्या बोर्डातून, आणि मग माळ्यावरची ती सगळी लांबी ओढून काढली. खर्च निम्मा निम्मा. होल्डरचे पैसे मात्र आजींनी वेगळे हातात ठेवले, म्हणाल्या, दिवा माझा आहे. आजींच्या बोर्डातही आरसीसीबी बसवायचं बोलणं मुलाशी झालं आहे, दिवाळीला तो येईल तेव्हा.

त्या दिवसापासून आरसीसीबी पडला नाही. पण काका थांबले नाहीत, आणि मीही त्यांना थांबू दिलं नाही. घरात जी जी न वापरलेली तार होती तिची दोन्ही टोकं शोधायची ठरवली. एक टोक सापडलं तर तार ओळखली असं होत नाही. इन्व्हर्टरच्या लाईनची दोन टोकं कपाटामागे टेप गुंडाळून सोडलेली होती. टेपचा डिंक आपल्या उन्हाळ्यात सुकतो आणि टेप आपोआप उलगडते, ती उलगडलेलीच होती. मागच्या खोलीत एका जुन्या होल्डरचं बटण न्यूट्रलवर टाकलेलं निघालं. म्हणजे बटण बंद केलं की दिवा विझायचा, पण होल्डरमध्ये करंट राहायचाच. ती जोडणीही कुठून ते शोधून काढली.

एका तारेने आम्हाला अर्धा तास घाबरवलं. डिजिटल मीटर लावला तर ६० व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि दोन्ही टोकं तर मोकळी! काकांनी टेस्ट लॅम्प लावला, लागला नाही, आणि मीटरवर आकडा शून्याला आला. ती तार चालू तारेच्या शेजारून लांबवर गेलेली होती, म्हणून नुसती भुताटकी. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे त्याला असलं भूत दिसतं. साध्या टेस्टरचंही तसंच. भर उन्हात त्याचा उजेड दिसत नाही, कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं तर मंद लागतो. टेस्टर विझलेला आहे म्हणजे तार मेलेली आहे, असं काका कधीच धरत नाहीत. आधी चालू सॉकेटमध्ये टेस्टर लावून बघतात, मग तारेला, मग परत सॉकेटला.

जी तार निघाली ती काढली. मातीच्या भिंतीत खोल गेलेली दोन ठिकाणची काढली नाही, भिंत आली असती. तिची दोन्ही टोकं मेनपासून तोडून कनेक्टरमध्ये घातली, डबीत बंद केली, वर कोरी प्लेट बसवली आणि आत चिठ्ठी टाकली: तार कुठून कुठे जाते, कधी बंद केली. पुढे कधी हे घर दुसरं कोणी घेईल, त्याला ती सापडेल. हे घरच्या घरी करण्यासारखं काम नाही, परवानाधारक माणूसच बोलवा. मीटरपर्यंतची तार महावितरणची (आपण अजून एमएसईबीच म्हणतो), मीटरच्या पुढची आपली, हेही अनेकांना माहीत नसतं.

काढलेल्या तारांचे तुकडे मी शाळेत नेले. रबराचं आवरण, ॲल्युमिनियम, तांबं, अशा तीन पिढ्या मुलांनी हातात घेतल्या. ॲल्युमिनियम दोनचार वेळा वाकवलं की तुटतं ते करून बघितलं. मग दोन सेल, एक कळ, एक बल्ब असा परिपथ केला आणि परतीची तार मधेच तोडली. बल्ब विझला. विचारलं, "आता या तुटलेल्या टोकात काही आहे का?" सगळा वर्ग म्हणाला, नाही. मग ते टोक आणि सेलचं दुसरं टोक यांच्यामध्ये दुसरा बल्ब धरला. दोन्ही बल्ब मंद लागले. वर्ग गप्प. पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, दुसऱ्या बल्बच्या जागी माणूस असला तर?" मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. तुम्हीही हा प्रयोग करा, दीड-दीड व्होल्टच्या सेलवरच करा आणि घरच्या सॉकेटला कोणी हात लावायचा नाही हे आधी तीनदा सांगा.

त्याच तासाला एका मुलाने फळ्याच्या वर बोट दाखवलं. तिथे जुन्या पंख्याच्या हुकाजवळ दोन तारा लोंबतात, टोकांना टेप आहे. पंखा कधीचाच दुसऱ्या जागी गेला. मी सोमवारी मुख्याध्यापकांना पत्र दिलं आहे, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घेतला आहे आणि वायरमन काका शनिवारी सकाळच्या शाळेनंतर यायचे कबूल झाले आहेत. तोवर पहिली दोन बाकं मागे सरकवली आहेत.